नॅनोकण पेशीत घुसतो की पेशी त्याला आत घेते?

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी ओझरतं लिहून गेले होते, ‘नुसता बारीक आहे म्हणून कुठलाही कण पेशीत जात नाही.’ त्या एका वाक्यावर विट्याहून, मिरजेहून, पलूसहून, तासगावहून, सांगलीतून आणि कराडहून पत्रं आली. बरीचशी कुतूहलाची, एक-दोन चक्क चिडलेली. ज्याच्यावर ‘नॅनो’ लिहिलंय ते आपोआप शरीरात झिरपतं, हा समज दुकानदारांनी आणि व्हॉट्सॲपने मिळून इतका पक्का केलाय की माझं वाक्य लोकांना उद्धट वाटलं असावं. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

बाई, आमचा पिढीजात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, धंदा. भाऊ कोईमतूरला दुकान सांभाळतो, मी आता गावी असतो. सोन्याची भुकटी जन्मभर हाताळली, अंगात काही शिरली नाही. मग सोन्याचे कण पेशीत जातात म्हणतात ते कसे? – विटा

तुमच्या भुकटीपासूनच सुरुवात करू, कारण ती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते. तेजाबात चांदी-तांबं विरघळून गेलं की तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती सोनंच असते, पण तिचा कण नॅनोकणाच्या मानाने अवाढव्य. शिवाय ती पडते तळहातावर, आणि कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मेलेली पेशी काही आत घेत नाही. तेव्हा तुमचा अनुभव खराच आहे.

आता तेच सोनं अम्लराजात विरघळवलं असं धरा. पिवळं द्रावण मिळतं. ते भरपूर पाण्यात पातळ करून उकळायचं आणि त्यात सोडियम सिट्रेट घालायचं. पिवळेपणा जातो, मग काळपट निळी झाक येते आणि काही मिनिटांत द्रावण डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. ही १९५१ सालची टर्केविच यांची रीत. कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे मिळतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). वेगळ्या रीतीने लाल सोनं त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केलं होतं. त्याच्या बाटल्या तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. टंच तोच, रंग वेगळा. इतक्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश खाऊन टाकतात, म्हणून उरलेला लाल आपल्याला दिसतो.

असा कण पेशीपाशी आला की काय होतं? पेशीपटल, म्हणजे पेशीचं आवरण, जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं. मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून असतात. पाणी आवडणारी डोकी बाहेर, न आवडणाऱ्या शेपट्या आत. त्यात प्रथिनं रुतलेली. हे पटल कडक नाही. त्यातले मेदरेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात, पातळ तेलासारखे. पण वाकवायला गेलं तर ते विरोध करतं, आणि हा विरोध मोजता येतो. जर्मन पदार्थवैज्ञानिक वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७३ मध्ये त्याचं गणित मांडलं. आजही आम्ही तेच वापरतो.

त्या गणितातली एक गोष्ट मला वर्गात सांगताना दरवर्षी मजा यायची. एखाद्या गोल कणाभोवती पटल पूर्ण लपेटायला जी ऊर्जा लागते, ती कणाच्या आकारावर अवलंबून नसते! लहान कणाभोवती पटल फार तीव्र वाकतं, पण थोड्याच क्षेत्रावर. मोठ्या कणाभोवती हलकं वाकतं, पण पुष्कळ क्षेत्रावर. दोन्हींचा गुणाकार तोच येतो. रेणूंची जी सततची औष्णिक थरथर असते, तिच्या मापाला आम्ही ‘केटी’ म्हणतो. नेहमीच्या पटलाचा ताठरपणा २० केटीच्या आसपास धरला, तर कण लपेटायचा खर्च सुमारे ५०० केटी येतो. कण २० नॅनोमीटरचा असो नाही तर २०० चा, बिल तेवढंच.

हे बिल भरतं कोण? पटल आणि कण यांच्यातली चिकटण्याची ओढ. आणि ती मात्र क्षेत्रफळावर अवलंबून असते. मोठा कण, जास्त क्षेत्र, जास्त कमाई. तुम्ही धंद्यातले आहात, पुढचं तुम्हाला सांगायला नको. दर चौरस नॅनोमीटरला ०.१ केटी इतकी चिकटण्याची ओढ धरली, तर जमा आणि खर्च २० नॅनोमीटर त्रिज्येला, म्हणजे ४० नॅनोमीटर व्यासाला, बरोबर जुळतात. त्याहून बारीक एकट्या कणाला तेवढ्याच ओढीवर पेशी लपेटू शकत नाही. तो वरच चिकटून राहतो. म्हणजे ‘जितका बारीक तितका आत जातो’ हा बाजारातला सिद्धान्त इथे उलटा पडतो.

प्रयोग काय सांगतात? २००६ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या चित्राणी, गझानी आणि चॅन यांनी १४, ३०, ५०, ७४ आणि १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशींना दिले. सगळ्यांत जास्त आत गेले ते ५० चे. फार मोठ्यांचं गणित कुठे बिघडतं? पेशीवरची जी प्रथिनं कणाला पकडतात, ती पटलावर हिंडत हिंडत कणापाशी गोळा व्हावी लागतात. कण मोठा असला की ती जास्त लागतात आणि लांबून यावी लागतात. वेळ जातो. २००५ मध्ये गाव, शी आणि फ्रॉइंड यांनी हेच गणित मांडून २७ ते ३० नॅनोमीटर त्रिज्येचा कण सगळ्यांत लवकर लपेटला जाईल असं काढलं होतं. व्यास धरलात तर ५० ते ६०. टोरंटोच्या आकड्याजवळ आला की नाही?

शेवटी तुमच्या उपयोगाची नाही पण आवडेल अशी गोष्ट. लाल सोन्यात मीठ टाकलं की ते निळं पडतं. सिट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ तो भार झाकतं, कण एकमेकांना भिडतात आणि रंग सरकतो. असंच पेशीपटलावरही घडतं. मेदाच्या पोकळ फुग्यांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये, हे लाल सोनं मिसळलं आणि फुग्याचं पटल मऊ असलं, तर कण त्यावर जमा होतात आणि द्रावण निळसर होतं. पटल ताठ असलं तर रंग फारसा हलत नाही. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या संशोधकांनी यावरून पटलाचा मऊपणा रंगावर मोजायची पद्धत बसवली. तुम्ही कसोटीच्या दगडावर रेघ ओढून टंच बघता, त्यांनी सोन्यालाच कसोटीचा दगड केलं!

म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, काळात, २०२१ मध्ये, आमच्या वॉर्डात ‘लायपोसोमल’ अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक रडकुंडीला यायचे. साधं अँफोटेरिसिन मिळायचं, पण डॉक्टर किडनीला घाबरायचे. औषध एकच, मग मेदात गुंडाळल्याने इतका फरक कसा? – एक परिचारिका, मिरज

सिस्टर, ती धावाधाव मिरजेतल्या किती घरांनी केली ते मला माहीत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन पटलांमधल्या एका छोट्या फरकात आहे.

बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. दोन्ही रेणू भावंडांसारखे दिसतात. अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं, म्हणून बुरशी मरते. पण कोलेस्टेरॉललाही थोडं धरतंच. साध्या इंजेक्शनमध्ये ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या मदतीने पाण्यात धरून ठेवलेलं असतं. रक्तात गेल्यावर ते सहज सुटं होतं आणि मूत्रपिंडाच्या पेशींच्या पटलांना त्रास देतं. थंडी-ताप भरतो तो वेगळाच.

लायपोसोमल प्रकारात औषध शंभर नॅनोमीटरहून लहान मेदगोळ्याच्या भिंतीत बसवलेलं असतं. ही भिंत मुद्दाम ताठ मेदाची केलेली असते, त्यात कोलेस्टेरॉलही घातलेलं असतं, आणि शरीराच्या तापमानाला ती सैल पडत नाही. त्यामुळे वाटेत औषध फारसं गळत नाही. गोळा बुरशीच्या पेशीभित्तिकेला चिकटतो आणि एर्गोस्टेरॉल जवळ आल्यावर औषध तिकडे सरकतं, कारण तिथली ओढ जास्त. म्हणून डोस जास्त देता येतो. म्युकरला किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून वर.

तुम्ही ती पिवळी पावडर कितीतरी वेळा तयार केली असेल. आधी स्टराइल वॉटर घालून जोरात हलवायचं, मग फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, आणि सलाईनचा थेंबही नाही. वॉर्डात हा नियम पाठ असतो, पण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. विटेकरांना वर लाल सोन्याच्या निळ्या होण्याचं जे सांगितलं, तेच इथे. त्या मेदगोळ्यांवरही ऋण भार असतो. सलाईनमधलं मीठ तो झाकतं आणि गोळे एकमेकांना चिकटून साका धरू शकतो. साका रक्तवाहिनीत जाऊन चालत नाही.

मॅडम, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात ऐकलं की पटलावर चिकटलेले कण एकमेकांकडे येतात, त्यांच्यात काहीही आकर्षण नसलं तरी. आणि कधी कधी चक्क रांग धरतात. मला पटलंच नाही. – पलूस

न पटणं ही चांगली सुरुवात आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी मलाही कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, आणि तेव्हा कुणाला ते नीट माहीतही नव्हतं.

सुंभाच्या बाजेवर दोन पोरं दोन टोकांना बसली की थोड्या वेळाने घसरत मध्ये येतात. एकमेकांवर प्रेम असो वा नसो. बाज दोन ठिकाणी खोलगट होण्यापेक्षा एकाच ठिकाणी खोलगट होणं तिला स्वस्त पडतं. पहिलं चित्र म्हणून हे ठीक आहे. पण लगेच सावध हो, कारण बाजेवर गुरुत्वाकर्षण आहे आणि पेशीपटलावर त्याचा काही हिशेब नाही. तिथे फक्त वाकण्याचा खर्च आणि चिकटण्याची कमाई.

हा फरक किरकोळ नाही. १९९३ मध्ये गूलियन, ब्रुइन्स्मा आणि पिंकस यांनी पटल अगदी हलकं वाकलंय असं धरून गणित केलं, तर दोन गोल वस्तूंमध्ये आकर्षण नव्हे, प्रतिकर्षण आलं. अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे तुझी शंका कागदावर बरोबर होती. पण सहाच वर्षांनी, १९९९ मध्ये, सांता बार्बराच्या कोल्टोव्हर, रेडलर आणि सफिन्या यांनी मोठाल्या मेदफुग्यांवर प्लॅस्टिकचे बारीक मणी घट्ट चिकटवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. मणी एकमेकांकडे आले आणि ओळीने, शिस्तीत लागले. पाण्यात नुसते सोडले तर तसं करत नव्हते. २००७ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने संगणकावर दाखवलं की वक्रता तीव्र झाली की हलक्या वाकेचं गणित लागू पडत नाही आणि खरंच आकर्षण तयार होतं. इतकं की पटल स्वतःच आत वळून फुगा तोडून देतं.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा प्रयोग नेदरलँड्समधल्या लायडनचा, २०१६ सालचा. त्यांनी एकाच फुग्यावर दोन प्रकारचे मणी बघितले. काही पटलाने पूर्ण लपेटलेले, काही नुसते चिकटलेले. लपेटलेले एकमेकांकडे ओढले गेले, सुमारे ३ केटीच्या ओढीने. नुसते चिकटलेले एकमेकांना ओळखही दाखवेनात. म्हणजे ओढ मण्यांत नव्हती, पटलाच्या वाकेत होती. तीन केटी हा आकडा लहान वाटेल, पण औष्णिक थरथरीच्या तिप्पट ओढ असली की कण बहुतेक वेळ जवळ राहतात आणि अधूनमधून सुटतातही. सजीवाला असंच हवं असतं. कायमचं चिकटलेलं काहीही पेशीला परवडत नाही.

आता रांग. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आन्जेला शारिच आणि अँजेलो काच्चूतो यांनी संगणकावर हे दाखवलं. कण घोळक्यात बसले की मधल्या कणाच्या वाट्याला पटलाचा फक्त वरचा स्पर्श येतो, बाजू शेजाऱ्यांनी अडवलेल्या. रांगेत बसले की प्रत्येकाला दोन्ही कुशींनी पटल लपेटता येतं, आणि पटलाला मुख्यतः एकाच दिशेने वाकावं लागतं. पटलाचा ताठरपणा सजीवांत असतो तेवढाच असला तर रांग जिंकते. फार ताठ केलं तर पुन्हा घोळका. आणि रांग लांब झाली की कधी कधी पटल तिच्याभोवती नळी करून सगळ्यांना एकदम आत घेतं.

विट्याच्या पत्राला उत्तर देताना मी ४० नॅनोमीटरहून बारीक एकट्या कणाचं बिल भरत नाही म्हटलं, ते तू वाचलं असशील. ‘एकट्या’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. असे चार-सहा जण मिळून एकाच नळीत बसले तर वाकण्याचा खर्च वाटला जातो. एकट्याला बंद असलेलं दार टोळीला उघडतं. म्हणून औषधासाठी कण करताना त्यांचा आकार जितक्या काळजीने मोजतात, तितक्याच काळजीने पटलावर ते किती दाटीने बसणार हेही बघायला हवं. पुष्कळ निबंधांत हे दुसरं मोजमापच नसतं, आणि मला ते वाचताना राग येतो.

ही युक्ती माणसाने शोधलेली नाही. आमांश करणाऱ्या जिवाणूंचं शिगा विष पेशीच्या मेदाला बाहेरून घट्ट धरतं, एकत्र गोळा होतं आणि पटलाला आत जाणाऱ्या नळ्या पाडायला लावतं. एसव्ही४० नावाचा विषाणूही असाच शिरतो, आणि त्याचा व्यास पन्नास नॅनोमीटरच्या जवळपासच आहे. प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर संगणकावरच्या नमुन्यांपेक्षा मेदफुग्यांवर मण्यांचे प्रयोग कर. चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, पण डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही.

लस घेताना मेदाचे नॅनोकण शरीरात सोडतात आणि ते पेशींना भोकं पाडून कायमचे राहतात, असा मेसेज फिरतोय. मी कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतले आहेत. झोप लागत नाही. – कराड

झोपा निवांत. कोविशिल्डमध्ये मेदाचे नॅनोकण नव्हतेच. ती एका निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोविषाणूवर बेतलेली होती. कोव्हॅक्सिन निष्क्रिय केलेल्या विषाणूची. मेदकणांच्या जोडीने एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) देणारी भारतीय लस पुण्यातल्या जेनोव्हाची, तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

पण ‘भोकं पाडतात’ हा शब्द हवेतून आलेला नाही. जास्त धन भार असलेले काही कृत्रिम कण, उदाहरणार्थ डेन्ड्रिमर नावाचे फांद्याफांद्यांचे रेणू, प्रयोगात मेदपटलाला १५ ते ४० नॅनोमीटरची भोकं पाडताना दिसले आहेत. पेशीचा पृष्ठभाग ऋण भाराचा, त्यामुळे ते फार जोरात चिकटतात. म्हणूनच बहुतेक एमआरएनए लसींसाठी वेगळ्या जातीचा मेद निवडला. रक्तात त्याच्यावर जवळजवळ भार नसतो. पेशी कणाला गिळून आतल्या आंबट पिशवीत घेते, तेव्हाच तो धन भार घेतो आणि त्या पिशवीचं पटल फोडून माल बाहेर काढतो. या कामात तो तरबेज आहे असंही नाही. २०१३ मध्ये अशाच मेदकणांतून दिलेल्या आरएनएचा माग काढला, तर एक-दोन टक्केच पिशवीतून निसटलं होतं. बाकीचं पेशी पचवते किंवा बाहेर टाकते.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यांना माहीत नसते. रक्तात पाऊल टाकताच कुठल्याही कणावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो, आणि पेशीला भेटतो तो थर. कारखान्यात बनवलेला पृष्ठभाग नव्हे. २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे मेदकणांतलं औषध यकृतात जातं ते यामुळेच. ॲपो-ई नावाचं प्रथिन त्याच्यावर बसतं आणि यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला ओळखून आत घेतात. पत्ता रक्ताने लिहिला, कंपनीने नाही.

नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली गोणीइतकं काम करते, कारण कण थेट पेशीत जातात, असं दुकानदार म्हणतो. द्राक्षाला मारू का? – तासगाव

आधी साधा गुणाकार. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर. २०२१ मध्ये अशी बाटली आली तेव्हा तिच्यात ४ टक्के नत्र होतं, म्हणजे ५०० मिलिलिटरला २० ग्रॅम. हजार पटींचा फरक आहे. नंतर प्रमाण वाढवलेल्या बाटल्या आल्या, तेव्हा तुमच्या बाटलीवरचा आकडा घेऊन हाच गुणाकार स्वतः करा. झाडाला जेवढं नत्र लागतं तेवढं लागतं. कण कितीही बारीक केला तरी एका नत्राच्या अणूचे हजार होत नाहीत.

आता ‘थेट पेशीत’. पानावरची रंध्रं कित्येक हजार नॅनोमीटरची असतात, तिथून कण जाऊ शकतो. पण वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर भिंत असते, आणि त्या भिंतीची छिद्रं साधारण ५ ते २० नॅनोमीटरची. शिवाय पेशीच्या आतला पाण्याचा दाब कित्येक वातावरणांइतका, तो पटलाला आतून भिंतीवर दाबून धरतो. वर विटेकरांना सांगितलेला कण लपेटायचा खर्च इथे आणखी वाढतो, कारण पटलाला त्या दाबाविरुद्ध आत वळावं लागतं. प्राण्याच्या पेशीवर केलेले प्रयोग द्राक्षाच्या पानाला चिकटवणं हा विज्ञानाचा गैरवापर आहे. आणि खरं सांगायचं तर युरिया पाण्यात सहज विरघळतो. त्याला पानात जायला कणाचं सोंग कशाला हवं?

फवारून तुमचा बाग जळणार नाही. पण गोणी बंद करून बाटलीवर विसंबू नका. देठ परीक्षण करून घ्या आणि आकडा बघून खत द्या. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याला हा गुणाकार दाखवा, बघा काय म्हणतो.

हरिपूरला आमची हळदीची पेवं होती. आता ‘नॅनो कुरकुमिन’च्या गोळ्या निघाल्यात. खरंच जास्त लागू पडतात का? – सांगली

कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं खाल्लं तर फार थोडं रक्तात पोचतं. मेदाच्या बारीक कणांत बसवलं तर जास्त पोचतं, एवढं खरं. कुरकुमिनला पेशीपटल आवडतं हेही खरं. २००९ मध्ये मिशिगनच्या गटाने दाखवलं की ते पटलात खोलवर, उभं शिरून बसतं आणि आसपासच्या मेदरेणूंची मांडणी बदलतं. पण इथेच गोम आहे. असा पटलाची मांडणी बदलणारा रेणू प्रयोगशाळेत कितीतरी प्रथिनांवर काही ना काही परिणाम दाखवतो, आणि त्यावरून ‘हे यावरही गुणकारी, त्यावरही गुणकारी’ असे शोध छापून येतात. रक्तात जास्त पोचणं आणि आजार बरा होणं यांत मोठं अंतर आहे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त ताकदीचं कुरकुमिन घेऊ नका. भाजीतली हळद मात्र खुशाल खा. आपली सांगलीची हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकनाची आहे, आणि ती तेलाच्या फोडणीत पडते हे कुरकुमिनच्या सोयीचंच आहे.

नॅनो चांदीचे मोजे घेतले. वास येत नाही म्हणतात. चांदी पायातून अंगात जाईल का? – विश्रामबाग, सांगली

कण जाण्याची भीती नको, कातडीचं कारण वर दिलंच आहे. जंतू मरतात ते मुख्यतः कणांतून सुटणाऱ्या चांदीच्या आयनांमुळे. ते जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला धरतात. पण ही चांदी धुण्याच्या पाण्यात निघून जाते. २००८ मध्ये ॲरिझोनात मोजलं, तर काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत गेली होती. ते पाणी शेवटी जातं कृष्णेत, आणि तिथल्या जंतूंचा काही दोष नाही. पुढच्या वेळी साधे सुती मोजे घ्या आणि रोज धुवा.